टेबलावर वाजणारा, प्लेट आवळली की गप्प होणारा बेस: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण चार तारांच्या एका पॅसिव्ह बेस गिटारचं आहे. फेंडर कंपनीने १९६० साली जॅझ बेस बाजारात आणला. त्याच घडणीचा, पण दुसऱ्या कंपनीचा हा बेस. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारे, चुंबकावर तार गुंडाळलेले भाग), प्रत्येकाला वेगळा व्हॉल्यूम आणि दोघांत मिळून एक टोन. बॅटरी नाही, प्रीअँप नाही. तिन्ही पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) आणि केबलची पिन घालायचा जॅक एका लांबट क्रोम प्लेटवर बसवलेले, आणि ती प्लेट लाकडात कोरलेल्या अरुंद पोकळीवर स्क्रूंनी आवळलेली. वायरिंग इतकं साधं की आकृती पाकिटाच्या पाठीवर मावते. त्यामुळेच ते तपासायचं असतं हे अनेकांच्या मनातच येत नाही.

वाद्याचे मालक सांगलीकडचे, पन्नाशीचे. ऑर्केस्ट्रात बेस वाजवतात. गणपती ते नवरात्र हा त्यांच्या कमाईचा मुख्य हंगाम. पुण्यात माझ्याकडे आले तेव्हा गणपती आठवड्यावर येऊन ठेपले होते. त्याआधीच्या वर्षभरात बेस बऱ्याच हातांतून गेला होता. ब्रिजकडचा, म्हणजे तारा बांधतात त्या धातूच्या पट्टीकडचा पिकअप मुका झाला म्हणून एकाने वेगळ्याच बनावटीचा नवा बसवला. मग गुणगुण येते म्हणून दुसऱ्याने पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावली. त्यानंतर आवाज मधूनच जायला लागला, म्हणून जॅक बदलला. दर वेळी बेस टेबलावर वाजवून दाखवला गेला, आणि दर वेळी कार्यक्रमात दगा दिला.

“साहेब, दुकानात झ्याक वाजतोय बघा. स्टेजवर नेला की मधीच गप. पिन हलवली की परत चालू.”

अडचण

प्रत्यक्षात तक्रारी तीन होत्या आणि एकमेकींत गुंतलेल्या होत्या. पहिली वर सांगितली तीच. दुसरी अशी, की दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की आवाज भरण्याऐवजी पातळ आणि पोकळ होतो, खालचा वजनदार भाग नाहीसा होतो. ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या सोबतीला उभ्या असलेल्या बेसचा तोच भाग गेला तर उरतं काय?

तिसरी त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती. बोलता बोलता कळलं की ब्रिजकडचा व्हॉल्यूम ते कधीच पूर्ण बंद करत नाहीत, कारण तो शून्यावर गेला की सगळाच बेस बंद पडतो. नेककडचा, म्हणजे मानेकडच्या पिकअपचा, शून्यावर नेला तर तसं होत नाही. वादक वाद्याच्या दोषांची सवय करून घेतो आणि मग ते दोष त्याला दिसेनासे होतात. म्हणून “काय बिघडलंय?” एवढंच विचारून मी थांबत नाही, “कुठलं बटण तुम्ही टाळता?” हेही विचारतो. या प्रकरणात सगळ्यात उपयोगी माहिती त्या दुसऱ्या प्रश्नातून मिळाली.

पर्याय

पहिला पर्याय झटपट होता. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, तीन नवे पॉट, कपॅसिटर आणि चांगला जॅक आणायचा, सगळं वायरिंग नव्याने करायचं. खर्च फार नाही, दुपारभरात काम होतं. पण मागच्या प्रत्येक दुरुस्तीत हेच झालं होतं: दोष न शोधता भाग बदलले गेले. नव्या पॉटांनी पोकळ आवाज गेला नसता आणि आवाज मधूनच का जातो तेही कळलं नसतं.

दुसरा, तांब्याची पट्टी ओरबाडून काढायची. मालकांचा कल इकडे होता, कारण त्यांच्या आठवणीत बिघाड तिच्यापासूनच सुरू झाला होता. ती आठवण बरोबर होती हे पुढे दिसलं, पण त्या वेळी माझ्याकडे पुरावा नव्हता.

तिसरा, जुळणारी पिकअपची नवी जोडी मागवायची. ती हंगामापूर्वी हातात येईल याची खात्री नव्हती.

मी चौथा निवडला. आहे ते सगळं ठेवायचं, तारा उतरवायच्या, आणि एकेक टप्पा मोजत जायचं. आकडा जुळल्याशिवाय पुढचा स्क्रू लावायचा नाही. तारा उतरवण्यावर मी थोडा घुटमळलो, कारण कंट्रोल प्लेट तारा असतानाही निघते. पण ब्रिज आणि जॅकची अर्थ (सर्किटची जमिनीकडची बाजू) यांच्यातली रीडिंग चाळीसेक ओहम दाखवत होती आणि ब्रिज दाबला की हलत होती. ती जवळजवळ शून्य हवी. म्हणजे ब्रिज उचलावाच लागणार होता. बेसची तार एकदा खुंटीवर मुडपून बसली की पुन्हा पुन्हा सोडवणं बरं नव्हे. मुडपलेल्या जागी ती तुटते. तेव्हा एकदाच उतरवायच्या आणि सगळी खात्री झाल्यावर एकदाच चढवायच्या, असं ठरवलं.

केलेलं काम: सुटे भाग

सुरुवात केबलपासून. टिप (पिनचं टोक) ते टिप मीटरची बीप वाजते का, टिप आणि स्लीव्ह (पिनचा मागचा, अर्थचा भाग) यांच्यात काही जोड नाही ना, हे आधी पाहिलं. पुढची सगळी मापं याच केबलच्या दुसऱ्या टोकाला घ्यायची होती. तीच संशयित असेल तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

मग पिकअप. त्यांची गरम तार (सिग्नल नेणारी, अर्थ नसलेली) पॉटवरून सोडवूनच मोजावी लागते, नाहीतर मीटर पिकअप आणि पॉट एकत्र मोजतो. नेककडचा ७.२ किलोओहम, ब्रिजकडचा नवा ८.१. दोन्ही जिवंत, दोन्ही आकडे या जातीच्या पिकअपला शोभणारे. पॉटही सोडवून तपासले. त्यांवर २५० के छापलेलं असतं, पण २० टक्के इकडेतिकडे चालतं. इथे दोन व्हॉल्यूम २३६ आणि २५८ निघाले. मधल्या पायावर मीटर ठेवून नॉब सावकाश फिरवला की आकडा सलग सरकला पाहिजे. नेककडच्या पॉटमध्ये एका जागी तो उडी मारत होता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून नॉब काही वेळ पुढेमागे फिरवल्यावर ते थांबलं. गंजलेले बोल्ट सोडवायचा स्प्रे इथे मारू नये. तो तेलाचा थर मागे ठेवतो, त्यावर धूळ बसते आणि खरखर परत येते.

टोनचा कपॅसिटर ४७३, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. त्यासाठी वेगळं मीटर नसलं तरी चालतं. कपॅसिटर डीसी अडवतो, त्यामुळे ओहमची रीडिंग घेताना टोनचा नॉब फिरवला तरी आकडा हलता कामा नये. हलला तर कपॅसिटर आतून शॉर्ट किंवा गळका. इथे आकडा स्थिर राहिला.

ब्रिज उचलल्यावर खालची अर्थची तार हिरवी पडलेली दिसली. घाम, पावसाळी हवा आणि वर्षानुवर्षांचा दाब यांनी तारेच्या पिसारलेल्या टोकावर थर धरला होता. टोक कापलं, नवं सोललं, ब्रिजची खालची बाजू घासून स्वच्छ केली आणि ब्रिज परत आवळला. रीडिंग अर्ध्या ओहमच्या खाली आली आणि दाबून पाहिली तरी हलेना.

पोकळ आवाजाचं मूळ

दोन पिकअप एकत्र उघडल्यावर खालचा भाग जातो, तेव्हा पहिला संशय फेजवर, म्हणजे दोघांचे सूर उलट दिशांनी येऊन एकमेकांना खोडतात का यावर. त्यासाठी जुना काट्याचा मीटर मी जपून ठेवला आहे. पिकअपच्या दोन टोकांना तो सर्वांत खालच्या डीसी रेंजवर लावायचा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पोलवर (तारेखालच्या चुंबकाच्या टोकावर) टेकवायचा आणि झटकन उचलायचा. काटा एका बाजूला उसळतो. गरम तार आणि अर्थ त्याच क्रमाने धरून दुसऱ्या पिकअपवर हेच केलं, तर काटा त्याच बाजूला उसळला पाहिजे. इथे नेककडचा उजवीकडे गेला आणि ब्रिजकडचा डावीकडे.

एवढ्यावर तारा उलटवून मोकळं व्हायचा मोह होतो. पण त्याआधी मी होकायंत्र आणलं. मूळ जोडीत दोन पिकअपचे चुंबक एकमेकांच्या उलट असतात आणि कॉइलचा वेढाही उलट. दोन उलटांमुळे तारांचा आवाज सारख्या दिशेने येतो, पण विजेची गुणगुण चुंबकाला जुमानत नाही, ती फक्त वेढ्याची दिशा पाहते. म्हणून ती विरुद्ध दिशांनी येऊन एकमेकींना खोडते. होकायंत्राची सुई दोन्ही पिकअपवर सारखंच टोक वळवत होती. म्हणजे चुंबक एकाच दिशेचे, वेढा मात्र आता जोडल्याप्रमाणे विरुद्ध. परिणामी या बेसमध्ये दोन्ही उघडल्यावर गुणगुणही खोडली जात होती आणि सूरही.

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथे होता. नव्या पिकअपच्या दोन तारा अदलाबदल केल्या तर सूर भरेल, पण गुणगुण परत येईल. तारा तशाच ठेवून पोलचे चुंबक ताकदवान निओडिमियमने उलटे करता येतात. मग दोन्ही साधेल. पण या पिकअपमध्ये कॉइल थेट चुंबकांच्या दांड्यांवर गुंडाळलेली असते, दांडे काढून फिरवता येत नाहीत, बाहेरूनच चुंबकत्व पालटावं लागतं. चारही तारांखालचे दांडे सारखे भरले नाहीत तर एखादी तार कमी ऐकू येते. हंगाम तोंडावर असताना वादकाच्या एकमेव वाद्यावर हा प्रयोग करणं मला पटलं नाही.

मी मालकांना फोनवर दोन्ही बाजू सांगितल्या. “काका, आवाज भरून येईल, पण दोन्ही बटणं पूर्ण उघडलीत की बारीक घूं राहील. चालेल?” ते म्हणाले, “घूं गर्दीत बुडतंय हो. पोकळ आवाज बुडत न्हाई, सगळ्यास्नी कळतोय.” निर्णय त्यांचा झाला आणि मला तो योग्य वाटला.

अदलाबदल करण्यापूर्वी एक तपासणी हवीच: पिकअपच्या पोलचा किंवा खालच्या धातूच्या पट्टीचा त्याच्या कुठल्या तारेशी जोड आहे का? असेल आणि तारा उलटवल्या तर तो धातू गरम बाजूला जातो आणि बोट लागताच भुणभुण येते. इथे जोड नव्हता.

आदल्या दुरुस्त्यांपैकी कशात तरी ब्रिजचा व्हॉल्यूमही साध्या गिटारसारखा जोडला गेला होता: पिकअप बाहेरच्या पायावर, आउटपुट मधल्यावर. एकच व्हॉल्यूम असताना ते चालतं. दोन व्हॉल्यूम एकाच आउटपुटला मिळतात तेव्हा पिकअप मधल्या पायावर आणि आउटपुट बाहेरच्यावर लागतं, नाहीतर एक शून्यावर गेला की आउटपुटच अर्थला चिकटतं. काका ते बटण का टाळत होते त्याचा उलगडा झाला. पॉटच्या पाठीवरचे सोल्डरही पुन्हा मारले. तिथलं पत्र्याचं अंग उष्णता ओढून घेतं, बारीक सोल्डरिंग आयर्नने वरवर चमकणारा पण आतून सुटा ड्राय जॉइंट होतो. साठ वॉटचं आयर्न थोडाच वेळ टेकवलेलं बरं.

जोडणीपूर्वीची चाचणी

आता जोडणी. त्याआधी मी कागदावर चार आकडे हिशोबाने लिहून काढले: केबलच्या टोकाला काय दिसायला हवं. आधी आकडा लिहायचा आणि मग मोजायचं, हा क्रम मी मोडत नाही, कारण मीटरवर दिसेल त्याला “बरोबरच असेल” म्हणायला मन पटकन तयार होतं.

फक्त नेक उघडा: ६.८ किलोओहम. पिकअप ७.२ चा असला तरी दोन्ही पॉट त्याला समांतर असतात, म्हणून थोडा कमी. फक्त ब्रिज: ७.६. दोन्ही उघडे: ३.७. दोन्ही बंद: सुमारे १२३ किलोओहम. शेवटचा आकडा पाहून नवखा माणूस चक्रावतो. व्हॉल्यूम बंद म्हणजे शून्य ओहम असं त्याला वाटतं. या जोडणीत पिकअप शॉर्ट होतात, आणि आउटपुटवरून मीटरला फक्त दोन पॉट समांतर दिसतात. इथे शून्य दिसलं असतं तर एखादा व्हॉल्यूम अजून उलटा आहे असा अर्थ झाला असता.

प्लेट पोकळीबाहेर, मगरचिमट्यांनी जोडलेली. चारही आकडे जुळले. मग छोट्या अँपला लावून, आवाज कमी ठेवून, स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पोलवर टकटक. लोखंडी ट्यूनिंग फोर्क पिकअपवर धरला की तारा नसतानाही सूर ऐकू येतो, नॉब फिरवून त्याचा चढउतार तपासता येतो. सगळं ठीक. आधीच्या प्रत्येकाची चाचणी बहुधा इथेच संपली होती.

मी प्लेट पोकळीत ठेवली, केबल जॅकमध्ये घातली, दोन स्क्रू लावले आणि मीटरकडे पाहिलं. दोन्ही व्हॉल्यूम उघडे, ३.७. पिन किंचित फिरवली: ०.०. पुन्हा फिरवली: ३.७.

प्लेट उचलून आत टॉर्च धरला. पिन जॅकमध्ये शिरली की टिपची पत्ती बाहेरच्या बाजूला ढकलली जाते, दोनेक मिलिमीटर. पोकळी अरुंद, भिंतीवर तांब्याची पट्टी; पत्ती सरळ तिलाच टेकत होती. पत्तीच्या टोकाएवढी एक चकचकीत ओरखड्याची खूण तांब्यावर उमटली होती. आता ती पट्टी अर्थला कशी जोडली गेली? पट्टीचे तुकडे एकमेकांवर चिकटवलेले होते, पण डिंक वीज न वाहणारा; मीटरवर दोन तुकड्यांत जोडच नव्हता. मात्र जॅकजवळच्या तुकड्याची कड पोकळीच्या काठावरून वर दुमडलेली होती. स्क्रू आवळले की क्रोम प्लेट तिच्यावर दाबली जाई आणि तेवढाच तुकडा अर्थ होई. म्हणजे हा दोष घडायला दोन गोष्टी एकत्र लागत: पिन आत आणि प्लेट आवळलेली. टेबलावर उघडी प्लेट ठेवून कितीही तपासलं असतं तरी तो सापडला नसता. जॅक बदलूनही तो गेला नाही, कारण नव्या जॅकची पत्तीही तिथेच जात होती.

मालकांच्या म्हणण्याप्रमाणे पट्टी काढून टाकायची का? मी ठेवली. पट्टी ट्यूबलाइट आणि डिमरची चरचर अडवते, ते काम तिला करू द्यावं. तुकड्यांच्या सांध्यांवर सोल्डरचे ठिपके दिले, एक तार अर्थला नेली, जॅकसमोरच्या भिंतीवर जाड इन्सुलेशन चढवलं आणि जॅक थोडा फिरवून पत्ती पोकळीच्या लांबीच्या दिशेला आणली. पुन्हा प्लेट, पिन, या वेळी सगळे स्क्रू. पिन पूर्ण वेढा फिरवली, वर-खाली हलवली, प्लेट अंगठ्याने दाबली. आकडा जागचा हलला नाही. मग तारा चढवल्या.

निष्पत्ती

हंगामभर बेस एकदाही बंद पडला नाही. दोन्ही पिकअप उघडून काका वाजवू लागले आणि आवाज भरला. गुणगुण राहिली, सांगितली होती तशी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि बेसच्या सर्वांत खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर ४९ हर्ट्झचा. त्यामुळे गुणगुण असली की नेमका तो सूर थरथरल्यासारखा वाटतो. काकांच्या कानाने ते टिपलं.

मांडवातल्या जोडणीबद्दलही त्यांना सांगितलं होतं. ब्रिजची अर्थ आता पक्की म्हणजे वादकाचा हात तारांमार्फत थेट अँपच्या अर्थशी जोडलेला. मांडवातल्या बोर्डला खरी अर्थ नसेल किंवा अँपमध्ये गळती असेल तर माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो, आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. साउंडवाल्याकडून तेवढं तपासून घेतल्याशिवाय पिन लावायची नाही, हे त्यांनी पाळलं.

नवरात्र संपल्यावर ते परत आले ते मूळचा, “मेलेला” पिकअप घेऊन. तो केसच्या कप्प्यात पडून होता. मीटरवर जोडच दिसेना. कव्हर काढून भिंगाखाली पाहिलं तर सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तारेचं बाहेरचं टोक सोल्डरच्या जागेपाशी तुटलेलं. अर्धा वेढा उलगडून टोक परत सोल्डर केलं: ७.६ किलोओहम. होकायंत्राची सुई त्यावर नेकच्या उलट वळली, काट्याचा मीटर त्याच बाजूला उसळला. तो बसवला, सारे आकडे प्लेट आवळून पुन्हा घेतले, आणि दोन्ही व्हॉल्यूम उघडताच गुणगुण गेली.

वेगळं काय करता आलं असतं

पिकअप “मेला” असं ठरवण्याआधी कव्हर काढून टोकं पाहिली गेली असती तर फेजचा गुंता उद्भवलाच नसता. खुली कॉइल म्हणजे वाया गेलेली कॉइल नव्हे. आतलं टोक तुटलं असेल तर अवघड, बाहेरचं असेल तर थोड्या वेळाचं काम. आता वाद्य पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी काढलेले जुने भागही सोबत पाठवायला सांगतो.

पट्टी लावणाऱ्याने जॅकसमोरची जागा मोकळी सोडली असती तरी भागलं असतं. पोकळी फारच अरुंद असेल तर तेवढ्या भागात तांबं न लावणं हा इन्सुलेशन चढवण्यापेक्षा टिकाऊ उपाय आहे. इन्सुलेशनचा डिंक उन्हाळ्यात सुटतो. या बेसमध्ये मी ते वर्षातून एकदा उघडून पाहायला सांगितलं आहे.

चुंबक पालटण्याचा पर्याय मी नाकारला. मूळ पिकअप हरवलेला असता, तर हंगामानंतर तो करून पाहिला असता. आधी आणि नंतर प्रत्येक पोलवर त्याच फोर्कने आवाजाची पातळी नोंदवून.